पेटीवरचा पहिला मोर

आमच्या द्वारका चौकात ट्रक रंगवणारा एक पेंटर बसायचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीवर रंगाचे एवढे थर होते, की गंजालासुद्धा आत शिरायला वाट नव्हती. नवीन काही जमलं, की तो आधी पेटीवर काढायचा. झाकणाच्या कोपऱ्यात मात्र त्याचा पहिलावहिला मोर होता, तापानं फणफणलेल्या कोंबडीसारखा.

ऐंशी सालाच्या आसपास घोटीचा एक ट्रकवाला त्याच मोरावर अडून बसला. "मला ह्योच पायजे. हसतोय बघा कसा."

पेंटरनं तीन दिवस घाम गाळला. पण मोर उतरायचा तो इतका देखणा, की जाणारी एसटी थांबून बघायची. डाव्या हातानं काढला, तर तो आणखीच सुरेख आला. "हात पार बिघडला राव माझा," तो रडवेला होऊन मला म्हणाला.

चौथ्या दिवशी त्यानं ब्रश ट्रकवाल्याच्याच हातात दिला. "शेठ, तुम्हीच काढा."

शेठनं जीभ दातांत धरून काढला. हुबेहूब तीच कोंबडी.

पेंटरनं तिला बोटही लावलं नाही. रंग वाळेपर्यंत रुमालानं माश्या हाकत उभा राहिला.