नरडाणा येईपर्यंत

आईच्या भुवया जळाल्या तेव्हापासून माझा भाऊ त्या ओव्हनच्या मागे हात धुऊन लागला होता. तो धुळ्याला असतो, आई जळगावात आणि मी आईपासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे त्याचा सगळा राग फोनवर मला ऐकावा लागायचा. "उद्या घर पेटेल तेव्हा तू जबाबदार," असं तो म्हणायचा, आणि मी चिडून फोन ठेवायचे.

ओव्हन गॅसवरचा, बंद पडलेल्या एका बेकरीतून आईनं हौसेनं आणलेला. वडील गेल्यावर तिला घर खायला उठायचं. नानकटाई भाजायला लागली आणि ती पुन्हा माणसांत आली. गल्लीतल्या बाया तुपाचे डबे घेऊन यायच्या, घाणा निघेपर्यंत गप्पा मारत बसायच्या. ओव्हन गेला तर त्या बायाही जातील, हे मला कळत होतं. भावाला फक्त भुवया दिसत होत्या. तसं त्याचंही खोटं नव्हतं. ज्योत पेटत नाही म्हणून आई पुन्हा पुन्हा लायटर मारत राहिली होती, तोवर आत गॅस साठला आणि भक्कन जाळ बाहेर आला.

दुरुस्तीला आलेल्या चाचांनी सगळं झाडून पुसून साफ केलं आणि आईला समोर बसवून समजावलं. आधी बारीक ज्योत लावायची, मोठा बर्नर तिच्यावरून पेटतो. बारीक ज्योत लावताना बटण दाबून धरायचं. ज्योतीजवळची कांडी तापली की आतला वॉल्व्ह आपला आपण उघडा राहतो. त्याआधी बोट उचललं तर ज्योत विझते.

"थोडा वेळ धरून ठेवा, ताई," चाचा म्हणाले.

"थोडा म्हंजे कितला?" आईनं विचारलं.

चाचांनी डोकं खाजवलं. "थोडा म्हणजे... थोडा."

मी घड्याळ लावून देते म्हटलं, तर तिनं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाई बटण दाबून पुटपुटतेय, "पाळधी... धरणगाव... अमळनेर... बेटावद... नरडाणा." नरडाणा म्हटलं आणि बोट उचललं. ज्योत जागची हलली नाही. नरडाणा तिचं माहेर. लग्नानंतर पॅसेंजरनं जाता-येता पाठ झालेली ती स्टेशनं ती एकेक, सावकाश, मध्ये श्वास घेऊन म्हणायची. मी आल्या आल्या विचारायचे, "आज गाडी लेट आहे का गं?" ती हसायची, पण बोट हलवायची नाही.

मोठा बर्नर पेटला की खाली वाकून जाळ बघायची. शेंडे पिवळे दिसले तर हवेची चकती किंचित फिरवायची, पुन्हा बघायची, पुन्हा किंचित. आमटीत मीठ घालताना ती जशी थांबून चाखते तसंच. जाळ निळा झाला की कमरेला हात लावून उठायची. तिचा हा धीर माझ्यात का उतरला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी कुकरची शिट्टी होईपर्यंतसुद्धा दम धरत नाही.

आणि एका रविवारी भाऊ टेम्पो घेऊनच आला. ओव्हन भंगारात द्यायचा, असं ठरवूनच आलेला. आईनं त्याला पाणी दिलं, टेम्पोवाल्याला दिलं आणि म्हणाली, "एक डाव दखी ले. मंग ली जाय."

तिनं बटण दाबलं, ज्योत लावली. पाळधी गेलं, धरणगाव गेलं. अमळनेर झालं, आणि उकडतंय म्हणून भावानं मागच्या मागे पंखा लावला. बेटावदला ज्योत विझली.

"बघ," भाऊ म्हणाला, आणि जीभ चावून पंखा बंद करायला धावला.

"बटनले हात लावू नको," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण भाऊ पंख्याच्या बटणापाशी जागच्या जागी थांबला; गॅस साठला असेल तर बटणाची ठिणगीही पुरते. तिनं ओव्हनचं बटण फिरवून बंद केलं, सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. मला राहवेना. तिची लाज राहावी म्हणून मी म्हटलं, "आई, लगेच एकदा लाव ना, आत्ता लागेल." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दारापासून मागे सरले.

आम्ही अंगणात बसून राहिलो. टेम्पोवाला दोनदा उठून रस्त्याकडे बघून आला. आई कढीपत्त्याची वाळकी पानं खुडत होती. बऱ्याच वेळानं ती आत गेली, गुडघे टेकून फरशीपाशी वास घेतला, जड गॅस खालीच बसतो म्हणून. मग पंखा बंद करून आम्हाला हाक मारली.

"आते परत जयगावपाईन," ती म्हणाली.

अर्ध्यातून नाही, जळगावापासून, पहिल्यापासून. या खेपेला भावाचे ओठही हलत होते. नरडाणा आलं, तिनं बोट उचललं, ज्योत राहिली. टेम्पो रिकामा परत गेला, नानकटाईचा पुडा तेवढा घेऊन.

संध्याकाळी निघताना भावानं विचारलं, "आई, गाडी तर पुढे सुरतेपर्यंत जाते. तू नरडाण्यालाच बटण का सोडतेस?"

ती ट्रे पुसत होती. "मनी माय, तुमनी आजी, टेसनवर उभी ऱ्हाये," ती म्हणाली. "ती दिखे तोवर मी गाडीना दाराना दांडा सोडू नही."

भावानं चपला घातल्या होत्या. त्या काढून तो पुन्हा आत आला आणि तिच्या हातातला ट्रे घेऊन पुसू लागला.