रेहानाचं कापलेलं उत्तर

रेहानाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कामात होते. "ताई, आपा गेली…" एवढंच बोलला. साधा ताप म्हणून चार दिवस घरीच काढले, तो डेंग्यू निघाला. चाळिशीही गाठली नव्हती तिने. दोन महिने होत आले, तरी तिच्यावर लिहायला बसले की आधी माझीच मला लाज वाटते.

ताथवड्याच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. मी पुढे टीव्हीसाठी लिहू लागले, ती चाकणच्या एका कंपनीत लागली. गाड्यांचे पत्रे ज्या अवजड साच्यांत दाबले जातात, ते बिघडले की हाक तिलाच जायची. माझ्या मालिकेतली इंजिनिअर नायिका पाहून तिने फोन केला होता, "मधू, तुझी बाई मोकळ्या केसांनी मशीनवर वाकते? आमच्याकडे पहिल्याच दिवशी गेटबाहेर काढतील तिला!" आम्ही खूप हसलो, पण ते मला लागलं होतं. म्हणूनच कर्तबगार बायकांवरचा एक कार्यक्रम हाती आला तेव्हा मी तिलाच गळ घातली. "खरं दाखवणार असशील तर येते," ती म्हणाली. मी शब्द दिला.

दिवसभर शूटिंग झालं. साच्यावरून तळहात फिरवत, केसाएवढा उंचवटा हाताला कसा लागतो ते तिने समजावलं. मग मुलाखतकाराने नेहमीचं विचारलं, घर सांभाळून हे कसं जमतं? ती शांतपणे म्हणाली, "हे आमच्या कंपनीतल्या साहेबांना विचारलंत का? त्यांनाही तीन मुलं आहेत." एडिटिंगच्या वेळी निर्माते म्हणाले, "उद्धट वाटते ही. घरचं काय आहे?" घरचं होतं… आमच्या पाहुणचारासाठी तिने केलेली बिर्याणी. तिचं उत्तर कापलं गेलं, टीव्हीवर बिर्याणीच दिसली, मशीन मागे नुसतं घरघरत राहिलं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीत "मॅडम, बिर्याणी कधी?" सुरू झालं. तिच्या हाताखाली शिकलेलेही त्यात होते. मी माफी मागायला गेले तेव्हा तिने चहा दिला. "तुझ्याही नोकरीचा प्रश्न असेल," म्हणाली. "पण यंदा ट्रेनिंगला दोन मुली आल्यात, मधू. त्यांनी माझं काय बघितलं?" त्यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं. तीच आमची शेवटची भेट.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर न कापलेलं सगळं चित्रण घेऊन मी तिच्या अब्बांच्या गॅरेजात गेले. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती. कुठला जागेवर परतला नाही ते लगेच कळावं म्हणून तिनेच कॉलेजात असताना रंगवलेली. अब्बांनी हात पुसले, माझा मोबाइल डोळ्यांजवळ धरला. साहेबांबद्दलचं उत्तर आलं तेव्हा हसले, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "बेटा, हे टीव्हीवर का नाही आलं?"

"मी गप्प बसले, अब्बा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाकावरचा पाना उचलला, आणि तिने आखलेल्या जागी टांगला.