ब्रूनोचं रडणं

अमळनेरच्या त्या गल्लीत कुत्र्यांची काही नवलाई नव्हती. पण योगराजने पुण्याहून गाडीत घालून आणलेला ब्रूनो खाली उतरला, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून लांबूनच बघत राहिल्या. अंगभर करडी-पांढरी लोकर, लांडग्यासारखं तोंड आणि काचेचे बसवावेत तसे निळे डोळे. हस्की म्हणतात त्या जातीचा, बर्फाच्या मुलखातला. योगराजला कंपनीने वर्षभरासाठी परदेशी धाडलं, म्हणून ते बर्फातलं जनावर भर उन्हाळ्यात खानदेशात, त्याच्या आईबापाच्या कूलरपुढे येऊन पडलं.

"आई, याचं एक बरं आहे," योगराज निघताना म्हणाला. "हा भुंकत नाही. बाबांच्या झोपेला त्रास नाही."

झुंबरबाईंना तेवढंच हवं होतं. धुळ्याला त्यांच्या नवऱ्याचं, पंडित आबांचं, हृदयाचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. पेला पडला तरी आबा दचकत. तेलाच्या गिरणीत जन्म गेलेला हा माणूस मुळातच कमी बोलणारा, आता तर अगदीच मिटून गेला होता. आबांचा डोळा लागला की झुंबरबाई हळूच जवळ जाऊन त्यांची छाती वरखाली होते ना, ते पाहून येत.

ब्रूनो खरोखरच भुंकत नव्हता. दूधवाला आला, सिलिंडरवाला आला, गच्चीवर माकडं नाचून गेली. हा आपला शेपूट हलवत बसलेला. मग एके दिवशी समोरच्या झुलाल नानांना न्यायला अँब्युलन्स आली. तिचा भोंगा गल्लीत शिरला आणि ब्रूनो ओट्यावर उभा राहिला. मान मागे टाकून, तोंड आभाळाकडे करून त्याने असा काही लांबलचक सूर लावला की झुंबरबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

झुलाल नाना नव्वदीला टेकलेले होते. पण गेले ते त्याच दिवशी.

"अक्का, तुना कुत्रा रडस," शेजारच्या मंदाबाई दुसऱ्या दिवशी दाराशी येऊन म्हणाल्या. "हाई काही बरं लक्षन नई शे."

"तेनी जातच तशी शे म्हने. भुकत नई."

"जात कोन्तीबी ऱ्हावो. रडनं ते रडनंच ना! आनि तुना घरमा आजारी मानूस."

झुंबरबाईंनी लगेच मुलाला फोन लावला.

"अगं आई, रडत नाही तो," योगराज हसला. "हस्की भुंकतात कमी, गळा काढतात जास्त. लांडग्यांसारखं."

"लांडगा? बापाच्या उशाशी लांडगा आणून बांधला तू?"

मंदाबाईंच्या बोलण्याने पोटात शिरलेली भीती त्या हसण्याने काही निघाली नाही. पुढे तर ती रोजचीच झाली. उन्हं कलली की झुंबरबाई गल्लीच्या टोकाच्या देवळात भजनाला जात. टाळ वाजायला लागत आणि घराच्या बाजूने तो सूर येई. बायका टाळ थांबवून एकमेकींकडे बघत. झुंबरबाई चपलासुद्धा न घालता धावत घरी येत. फाटकाची कडी वाजली की सूर तुटे. आत यावं तर आबांच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि ब्रूनो दारासमोर बसलेला, मान अजून वरच.

दुसऱ्या कुठल्या दारापुढे तो कधीच रडला नाही. नेमकं त्याच दारापुढे.

त्या दार ढकलत. आत आबा पलंगावर बसलेले असत, जरा धापा टाकत, चेहरा लाल.

"काय झालं तुम्हाले?"

"काही नई," म्हणून आबा भिंतीकडे बघत.

कुत्रं रडलं की चप्पल उलटी करून ठेवायची, हे झुंबरबाईंना त्यांच्या आईने शिकवलेलं. त्या आबांची चप्पल उलटी करून ठेवू लागल्या. मीठ-मिरच्यांनी आबांची दृष्ट काढली. ब्रूनोला भाकरी घालताना त्याच्यापुढे हात जोडले, "बापा, दुसरीकडे कुठे रड." त्याने भाकरी खाल्ली, त्यांचा हात चाटला आणि त्या दिवशीही त्याच दारापुढे रडला.

शेवटी त्यांनी बोदवडकडच्या आपल्या भावाला, सुकलालला, बोलावून घेतलं. "तुझ्या मळ्यात ने याला."

"उनमा मरी जाई तो," आबा एवढंच म्हणाले.

"मरू द्या!" झुंबरबाईंच्या तोंडून निघून गेलं. "तो मेला तर चाली. तुम्ही नको."

आबा उठले, खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सुकलालने ब्रूनोला पिकअपमध्ये चढवलं. "कारे भाऊ, फिराले चालना का?" म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारली. चावी फिरवणार तोच घरातून एक आवाज आला. बारीक, कापरा, ओढत नेलेला: ओऽऽऽम्.

पिकअपमध्ये ब्रूनोने मान वर केली आणि त्याच सुरात सूर मिसळला.

झुंबरबाई धावत आत गेल्या. आबा पलंगावर ताठ बसले होते, डोळे मिटून. पायरव ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"डाक्टरनी सांगेल शे," ते पुटपुटले. "फुफ्फुसले चांगलं ऱ्हास. दम पुरत नई, आवाज फाटस... तू हसशी, म्हनीसन तू भजनले गयी की करस."

"आनि हाऊ कुत्रा?"

"रडस नई तो. मना संगे गास."

दारात उभा सुकलाल पोट धरून हसला. "अक्का, मेहुना वर जाई नई ऱ्हायना व, गाना शिकी ऱ्हायना!"

झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून आबांची उलटी चप्पल सुलटी केली. ब्रूनो पिकअपमधून उतरून परत कूलरपुढे जाऊन पडला.

भीती गेली असं मात्र झालं नाही. तिने फक्त कूस बदलली. आता देवळात टाळ वाजायला लागले की झुंबरबाईंचे कान त्या सुरासाठी टवकारलेले असत. तो आला की त्या टाळ जोरात वाजवत.

एके दिवशी तो सूर आला नाही. एक अभंग झाला, दुसरा सुरू झाला, घराच्या बाजूने काहीच नाही. झुंबरबाई उठल्या. गल्ली कधी एवढी लांब वाटली नव्हती. फाटकाची कडी लवकर निघेना. आबांचं दार लोटलेलं. त्याच्यापुढे ब्रूनो बसलेला, दाराकडे बघत, गप्प.

त्यांना दार ढकलवेना. मग घशातून, कसाबसा, त्यांनीच सूर काढला. "ओऽऽ..." तो मध्येच फाटला. ब्रूनोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मान वर केली आणि जोरात गळा काढला. बाजूला मंदाबाईंनी धाडकन खिडकी लावली.

आतून पलंग करकरला.

"कोन शे?" आबांचा झोपाळलेला आवाज आला. "डोया लागी गया व्हता जरासा. आज ओम् ऱ्हायी गयं."

झुंबरबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी ब्रूनोच्या लोकरीत बोटं रोवली.

"आतेच करा," उंबऱ्यावर हात टेकत त्या म्हणाल्या. "मी आठेच बठेल शे."