मिटलेल्या भांडणाचं वॉरंट

खाडीपलीकडच्या आमच्या कोळीवाड्यात भांडण झालं की निकाल गावचे पाटील द्यायचे. अंधेरीचं कोर्ट म्हणजे आधी होडीनं वर्सोवा, मग बस. अख्खा दिवस जायचा. पण ऐंशीनंतरच्या एका वर्षी बाबांनी शेजारच्या काकांच्या खांद्यात वल्हं घातलं. कारण काय, तर काकांनी बोंबील वाळवायचे बांबू हातभर आमच्या जागेत रोवले होते. काका रागाच्या भरात थेट पोलीस चौकीत गेले आणि केस उभी राहिली.

मग पाटलांनी दोघांना बोलावलं. काकांनी बांबू मागे घ्यायचे, बाबांनी माफी मागायची, आणि दोघांनी एका ताटात जेवायचं. हीच आमची रीत. त्यानंतर भांडण उकरून काढणाऱ्याशी गावात कोणी बोलत नसे. आईनं पापलेटाचं कालवण केलं. दोघे एकमेकांकडे न बघता जेवले. शेवटच्या तुकडीवरून मात्र "तू घे", "नको, तूच घे" झालं.

मी त्याच वर्षी बी.ए. झाले होते. घरात माझ्याआधी कोणी सातवीपुढे गेलं नव्हतं आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. मी फुलस्केपवर समझोता लिहून काढला. खाली साक्षीदारांच्या सह्या, अंगठे.

बाबांनी विचारलं, "कोर्टाची तारीख हाय ना गो मंगळवारी?"

"आता कशाला? सगळं लेखी झालंय," मी म्हणाले.

माझ्या शब्दावर विसंबून कोणी कोर्टात गेलं नाही. पुढच्या तारखेलाही नाही. मग हवालदार आला, बाबांच्या नावाचं वॉरंट घेऊन. माणूस बरा होता. म्हणाला, "उद्या सकाळी स्वतः कोर्टात या. नाही आलात तर मला घेऊन जावं लागेल."

आई म्हणाली, "एवढी शिकली नि बापाला आत घालतेय!"

तिचं खरं होतं. मी कागद घेऊन वर्सोव्याच्या एका वकिलांना गाठलं. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "अक्षर छान आहे. पण मार ज्याला बसला, तो कुठाय? त्यानं मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर सांगितलं तरच केस मिटेल. नाहीतर वडील बसतील आत."

संध्याकाळी काकांच्या दारात गेले. ते जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "माजी बोट उद्या सुटतेय, बाय."

आतून काकी ओरडल्या, "त्याच्या ताटात जेवलाव तवा बोट नव्हती काय? जावा गुमान!"

सकाळी होडीत बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मध्ये मी. कोर्टात वकिलांनी तडजोडीचा अर्ज दिला. साहेबांनी आधी बाबांना गैरहजेरीबद्दल झापलं. बाबांनी माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. हात जोडून "चुकी झाली" म्हणाले. मग साहेबांनी काकांना विचारलं, "तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"हाय ना साहेब. बायकोचा."

पट्टेवाल्यालाही हसू आलं. साहेबांनी पुन्हा नीट विचारलं. तेव्हा काका म्हणाले, "आमचं मिटलंय. माजी तक्रार नाय."

साहेबांनी परवानगी दिली, निकाल लिहायला सांगितला. वॉरंट रद्द, आरोपीची मुक्तता. इंग्रजीतले ते दोन-तीन शब्द मला समजले.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय लिवलाय?"

"तुम्ही सुटलात. गुन्हा राहिला नाही तुमच्यावर."

बाबा काकांकडे वळून म्हणाले, "पन मारलं तर मीच रं."

"ते काय कोर्टानं सांगाया पायजे?" खांदा चोळत काका म्हणाले. "चल. भूक लागलीय."