मामांच्या रेकॉर्डची चौथी बाजू

रेल्वेच्या बँकर इंजिनावर उभं आयुष्य काढून विलायती रॉकवाल्यांच्या वीस-वीस मिनिटांच्या गाण्यांवर जीव टाकणारा माणूस या भूतलावर एकच झाला असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बँकर म्हणजे कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन. गाडी लोणावळ्याला पोचली की ते सुटं होतं आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातं. डब्यातल्या प्रवाशाला ते कधी दिसतच नाही. मामांनी तीस वर्षं अशी अर्धी मुंबई वर ढकलली, पण त्याबद्दल कुणी त्यांना साधा नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती एवढीच, की पाहुणे त्यांच्या रेकॉर्डी शेवटपर्यंत ऐकत नाहीत.

मी तेव्हा देहूरोडच्या डेपोत कारकून होतो आणि आमचं बिऱ्हाड लोणावळ्यात मामांच्या मागच्याच गल्लीत होतं. भाचेजावयाला मामेसासऱ्यांनी हाक मारली की काही बोलायची सोय नसते. त्यामुळे दर रविवारी दुपारी मी त्यांच्या ओटीवर हजर असे. मामा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, मनगटावरचं घड्याळ काढून बसलेले असत. घड्याळ बघत गाणं ऐकणं म्हणजे ड्युटी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. मला मात्र घड्याळ काढायला त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी ते दर पाच मिनिटांनी बघत असे हेही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

रेकॉर्डींचं वेड जुनं होतं. चावीच्या फोनोपासून सुरुवात, मग नाट्यपदं, लावण्या, सिनेमाची गाणी असं करत करत भिंतभर कपाट झालं. लोणावळ्याच्या पावसाळ्यात चार महिने चपलांनासुद्धा बुरशी धरते. मामांनी त्यावर उपाय म्हणून कपाटात चाळीसचा दिवा रात्रंदिवस जळता ठेवला होता. घरात अंथरुणं ओली, काडेपेटी ओली, पण तबकड्या खडखडीत. एकदा मामी पदर पिळत मला म्हणाल्या, "जावईबापू, मीच त्या कपाटात जाऊन बसते. तेवढंच एक ठिकाण कोरडं आहे." मामांनी यावर गंभीरपणे विचार केला आणि दार उघडं राहिलं तर दमट हवा आत जाईल, असं सांगितलं.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांची पट्टराणी एकच होती. तुंगार्लीकडे मुंबईच्या एका श्रीमंत कुटुंबाचा बंगला होता. तिथली मुलं मोठी होऊन परदेशी गेली तेव्हा मालकांनी माळ्याला त्यांच्या खोलीतला पसारा काढून टाकायला सांगितलं. माळी म्हणजे कार्ल्याचा म्हादूआबा. त्याने पोत्यात घालून दहा-बारा इंग्रजी रेकॉर्डी मामांना आणून दिल्या. त्यातलीच एक एका विलायती रॉक बँडची. मुलांनी तबकडीच्या मधल्या गोल कागदावर दोन्ही बाजूंना आपल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि वेष्टनाची मागची बाजू वाळवीने खाल्लेली. त्यामुळे पहिली बाजू कोणती हे मामांनी ऐकूनच ठरवलं. वेष्टनाला दोन खिसे होते. दुसरा रिकामा होता. तो कंपनीने पुसायच्या फडक्यासाठी दिलाय, अशी मामांची खात्री होती, आणि त्यात ते रोज घडी घातलेलं फलालीनचं फडकं ठेवत. "विलायती लोक किती बारीक विचार करतात बघा," असं ते मला अनेकदा म्हणाले आहेत.

तो बँड चौघांचा. मामांनी त्यांची ड्युटी लावून दिली होती. ऑर्गनवाला ड्रायव्हर, ढोलवाला त्याचा असिस्टंट. गाणारा हा गार्ड, कारण तो मधूनच कधीतरी येऊन झेंडी दाखवल्यासारखं दोन ओळी गातो आणि जातो. आणि जाड तारांची गिटार वाजवणारा, जो कुणाच्या लक्षातही येत नाही, तो बँकर. "याला काढा, गाडी घाट चढायची नाही," असं म्हणून मामा पाहुण्याकडे बघत. पाहुणा तोवर चपला शोधत असे. मामींनी मात्र त्या रेकॉर्डीशी व्यवहार जमवला होता. ती लागली की भाताचं आधण ठेवायचं आणि गार्ड गायला लागला की भात उतरवायचा. तो कधी करपला नाही.

"हे नुसतं रॉक नाही, प्रोग्रेसिव्ह रॉक आहे," असं म्हादूआबाने बंगल्यातल्या मुलांच्या तोंडून ऐकलेलं मामा सर्वांना सांगत. पण त्यांचा खरा सिद्धान्त वेगळाच होता. पहिल्या बाजूला एक माणूस घर सोडून निघतो आणि दुसऱ्या बाजूला तो एकदम म्हातारा होऊन परत आलेला असतो. मधलं काही सांगतच नाहीत. "एवढा मोठा घाट यांनी एका उडीत ओलांडला. आपल्याकडे असं धाडस कोण करील?" या धाडसावर त्यांनी मला पाच वर्षं व्याख्यानं दिली. मला ती दोन्ही बाजूंची गाणी सारखीच लांब वाटत.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांना दाराची कडी ऐकू येईनाशी झाली. मामींना वाटलं, लक्ष नाही. मी त्यांना पुण्याला कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा कान गेल्यातच जमा होता आणि डावाही वर्षा-दोन वर्षांत जाणार होता. इंजिनाच्या घरघरीत आणि भोंग्यांत तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या लोकलमध्ये मामा खिडकीबाहेर बघत होते. तळेगाव गेल्यावर म्हणाले, "मामीला सांगू नका. ती देवाला काहीतरी बोलत बसेल." मग जरा थांबून म्हणाले, "वर्ष म्हणजे बरंच असतं. सगळ्या एकदा ऐकून होतील." मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच तिकिटं तपासत बसलो.

तेव्हापासून मामांनी कार्यक्रम आखला. प्रत्येक रेकॉर्ड एकदाच वाजवायची, तिला नमस्कार करायचा आणि कपाटात ठेवून द्यायची. पुन्हा काढायची नाही. अपवाद फक्त त्या चौघांचा. ते रोज वाजत, दिवसेंदिवस मोठ्याने. शेजाऱ्यांनी आधी खिडक्या लावल्या, मग बोलणं कमी केलं. कान मिटायच्या आत ही एक रेकॉर्ड पुरती आत मुरवून घ्यायची, एवढंच मामांचं चाललं होतं. बाकी कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

आणि अशात एका रविवारी म्हादूआबा आला. बंगला विकला गेला होता. तिथला रेकॉर्ड वाजवायचा यंत्रपेटारा नव्या मालकाला नको होता, म्हणून आबाने तो उचलायच्या आधी झाकण उघडलं होतं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तबकडी त्याने मामांपुढे धरली.

"डायवरसाहेब, ही बी तुमचीच दिसती. तुमच्या पाकिटावरचंच चित्र हिच्यावर हाय."

"ही कुठे होती इतकी वर्षं?" मामांनी विचारलं.

"पेटीतच. मला वाटलं, ती पेटीचाच भाग हाय, जात्याच्या तळीवानी. काढली तर पेटी बिघडंल, म्हून हात न्हाई लावला."

मामांनी तबकडीवरचे आकडे वाचले. दोन आणि तीन. मग त्यांनी आपल्या तबकडीवरच्या चिठ्ठ्या ओल्या बोटाने हळूहळू सोडवल्या. एका बाजूला एक हा आकडा निघाला आणि दुसऱ्या बाजूला चार. बंगल्यातलं यंत्र तबकड्यांची चळत एकावर एक वाजवणारं होतं. आधी वरच्या बाजू ओळीने वाजायच्या आणि मग सगळी चळत उलटी करायची. म्हणून कंपनीने एकीच्या पाठीला चौथी बाजू छापली होती आणि दुसरीवर मधल्या दोन. म्हणजे पाच वर्षं मामा गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण ऐकत होते. फडक्याचा खिसा हा या दुसरीचा होता. मामांनी फडकं काढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. सिद्धान्त कोसळल्याचं त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा झाला होता. "बसा आबा," ते म्हणाले, "घाट ऐकून जा."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिली बाजू नेहमीप्रमाणे झाली. मामा हाताने ताल देत होते, कुठे घंटा येणार तिथे आधीच बोट वर करत होते. मग मी नवी तबकडी चढवली. दुसरी बाजू सुरू झाली आणि मामांचा हात थांबला. ते पुढे झुकले. डावा कान पेटीकडे केला. त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत नेलं. मी अशी आदळआपट जन्मात ऐकली नव्हती. ढोलवाला पिसाळला होता. खिडकीची तावदानं थरथरत होती, म्हादूआबा दोन्ही कानांवर मुंडाशाची टोकं दाबून बसला होता. तिसऱ्या बाजूलाही तेच. चाळीस मिनिटं मामा डोळे मिटून तसेच बसले होते.

ती संपल्यावर ते मला म्हणाले, "मधला भाग फार हळू वाजवलाय, नाही? माणूस एकटा पडला असणार."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याच्या डॉक्टरांचं त्यांना मी सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची गरज उरली नव्हती. त्या खुर्चीजवळ येऊन मामांच्या डाव्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "हो. अगदी हळू." मग आत गेल्या.

चौथी बाजू लावायची होती. समोरच्या घरातली म्हातारी अंगणात येऊन हात जोडून उभी होती, म्हणून मी मामांची पाठ वळलेली बघून बटण खाली आणलं, नेहमीपेक्षाही खाली, जेमतेम ओटीपुरतं. सुई टेकवली. म्हातारा होऊन घरी परतलेल्या त्या माणसाचं गाणं सुरू झालं. मामा ताठ बसले. त्यांचा हात पुन्हा चालू लागला, एकही मात्रा न चुकता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"हं," ते म्हणाले, "आता कसं स्पष्ट वाजवतायत."