सूतमिस्त्रींचा जबाब

सूतमिस्त्रींना टेप लागायची नाही. फळीवर बोटाची पेरं टेकवत ते माप सांगायचे आणि वर कुणी टेप लावलीच, तर त्याच्याकडे असे बघायचे की तो बिचारा ती मुकाट्यानं खिशात घालायचा. 'दोन सूत जास्त हाय,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंचाच्या आठव्या भागाला सुतार सूत म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. एकदा शेठच्या कपाळावरचं गंधही त्यांना दोन सूत डावीकडे वाटलं, आणि तसं ते म्हणालेही.

सोलापूर रस्त्यावरच्या त्या फर्निचरच्या कारखान्यात मी कारकून होते. मिस्त्री लोणी काळभोरहून सायकलवर येत. शिक्षण सातवी, पण हजेरीच्या वहीत इतरांच्या अंगठ्यांमध्ये त्यांची सही ऐटीत बसलेली असायची. सहीसाठी ते माझं पेन घेत नसत, स्वतःचं काढत.

खराडीत कंपन्यांच्या इमारती उठायला लागल्या आणि आमच्याकडे ऑफिसच्या टेबलांच्या ऑर्डरी येऊन पडल्या. गोल करवतीच्या पात्यावर लोखंडी झाकण असतं. त्यानं हात वाचतो, पण काम हळू होतं. ते शेठनी काढायला लावलं. मी हजेरी घेत तिथंच उभी होते.

'शेठ, हे बरं नाही,' मिस्त्री म्हणाले.

'अहो, तुमच्यासारख्या कारागिराला झाकण कशाला?'

तिथंच मिस्त्री फसले. कौतुकापुढे त्यांचं काही चालायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेठनी मला दवाखान्यात जबाब लिहून आणायला पाठवलं.

'लिहा ताई, झाकण मीच काढलं हुतं.'

'अहो मिस्त्री, शेठनी सांगितलं होतं. मी होते तिथं.'

'माझ्या मशिनीवर दुसऱ्याची मर्जी चालती, असं लिहायचं? मग मी मिस्त्री कशाचा? आन् शेठनी शब्द दिलाय, जागा कायम हाय म्हणून.'

मी लिहिलं. खाली त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. शाई पुसायला कापूस मागताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्षभर ते फाटकावर राखणीला बसले. मग जमीन विकून शेठनी कारखाना दूर हलवला. शहरातल्या ऑफिसात मला घेतलं, मिस्त्रींना कुठंच नाही. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी भरपाईचा दावा लावला. त्यांच्या वकिलांनी जबाब वाचला आणि कपाळाला हात लावला. कामगारानं झाकण मुद्दाम काढलं असेल, तर असल्या दुखापतीत हक्कच उरत नाही. जबाब लिहिणाऱ्या बाईंनी खरं सांगितलं तरच काही आशा, म्हणाले. मला समन्स काढायचं त्यांनी सुचवलं, तर मिस्त्रींनीच अडवलं. 'समन्स कशाला? ताई आपणहून येतील.'

मी येते म्हणाले होते, आणि मनापासून म्हणाले होते. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. शेठनी मला दाव्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त एकदा माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. एवढं पुरलं. माणूस किती स्वस्तात विकला जातो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

तारखेच्या दिवशी सकाळी मिस्त्री मला न्यायला ऑफिसात आले. धुतलेला सदरा, उजवा हात खिशात. मी पार्टिशनच्या आड सरकले आणि ताई नाहीत म्हणून सांग, असं शिपायाला म्हणाले. माझी स्कूटर दारातच उभी होती. फाटकावर राखणीला असताना मिस्त्री ती रोज सावलीत लावून द्यायचे.

शिपायानं निरोप दिला.

'बरं,' मिस्त्री म्हणाले. 'ताई नाहीत हे मला समजलं, एवढं ताईंना सांगा.'

दावा फेटाळला गेला. त्यानंतर मी लोणीच्या बाजूला फिरकले नाही. मिस्त्री आज आहेत की नाहीत, हे कुणाला विचारायची माझी हिंमत होत नाही.