सासऱ्यांच्या चौकाला विरोध

आमचे हे महापालिकेत नगरसेवक होते. बसायचे शेवटच्या रांगेत आणि मत द्यायचे स्वतःच्या मनाने. पक्षाने हात वर करा म्हटलं की यांचा हात हमखास खिशात. त्यातही चौकाला कुणाचं नाव द्यायचा ठराव आला, की हे उठून म्हणायचे, "माझा विरोध नोंदवून घ्या. लोक चौकात पत्ता शोधायला येतात, श्राद्धाला नाही."

पक्षातल्या मंडळींनी मग नामी युक्ती काढली. आमच्या घराजवळ पिठाच्या गिरणीचा चौक आहे, त्याला त्यांनी माझ्या वडिलांचं नाव सुचवलं. वडील पेठेतले मास्तर. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आता यांनी हात वर करावा तर सभागृहात तोंड दाखवायची सोय नाही, न करावा तर घरात.

मला मात्र ते नाव खरंच हवं होतं. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं शहाणी केली आणि मागे उरलं काय, तर एक छत्री आणि चष्म्याचं घर.

"अहो, एवढा एकदा हात वर करा," मी म्हटलं.

"बघू," म्हणाले. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं.

ठरावाच्या दिवशी मी सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. सगळे हात वर गेले आणि शेवटच्या रांगेतून आवाज आला, "माझा विरोध नोंदवून घ्या. मास्तर असते तर त्यांनीही नोंदवला असता." सभागृह हसलं. तिकडे ठराव मंजूर झाला, इकडे घरात अबोला. पाटीच्या उद्घाटनाला मी यांच्या शेजारी उभीसुद्धा राहिले नाही.

पाटी लागली, पण नाव काही कुणाच्या तोंडी बसलं नाही. पोस्टमन, भाजीवाली, अगदी मीसुद्धा, सगळे गिरणीचा चौकच म्हणायचो.

पुढे एकदा आम्ही स्टेशनवरून रिक्षा केली. यांनी माझ्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं आणि पुढे 'चौक' लावून पत्ता सांगितला.

"असला चौक पुण्यात नाही," रिक्षावाला म्हणाला.

"आहे," म्हणत यांनी पुन्हा पहिल्यापासून नाव घेतलं.

"तुमचा विरोध होता ना?" मी विचारलं.

"होता. ठराव मंजूर झाला, आता तेच नाव."

सबंध पुण्यात ते नाव घेणारा हा एकच माणूस होता.

"चला हो," मी रिक्षावाल्याला म्हटलं, "मास्तरांचा चौक मी दाखवते."